बकरा कोण, गिऱ्हाईक कोण?

छुप्या कॅमेऱ्याच्या सिनेमांनी जगाला पोट धरून हसवलं आणि काहींना कोर्टाची पायरीही चढायला लावली. पण दुसऱ्याला 'बनवण्या'चा अस्सल फंडा समजून घ्यायला हॉलिवूडपर्यंत जायची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसपर्यंत गेलात तरी पुरे!

सकाळचे साडेदहा वाजलेत. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावातलं कापडाचं दुकान. शेटजींनी नुकतीच उदबत्ती लावलीय, पोऱ्या गादीवरची चादर झटकतोय. एवढ्यात दारात खाकी कपड्यातला एक माणूस उभा राहतो. डोक्यावर टोपी, बगलेत काठी, हातात जाडजूड वही. "दुकान कोनाचं हाये? लायसन काढा!" शेटजींच्या पोटात गोळा. माणूस वही उघडतो, घसा खाकरतो आणि आरोप वाचायला लागतो. काल रात्री तुमच्या मांजरानं सरकारी उंदीर खाल्ला. पंचनामा झालाय. दंड भरा, नाहीतर मांजरासकट ठाण्यात चला!

दुकानात दोन सेकंद शांतता. मग पोऱ्या फिस्सकन हसतो. आता कुठं शेटजींचं लक्ष जातं. टोपी एका खात्याची, पट्टा दुसऱ्याच, आणि पायातले बूट तर एकमेकांचे सावत्र भाऊ! अरे, हा तर बहुरूपी! शेटजी स्वतःवरच हसत गल्ल्यात हात घालतात आणि 'फौजदारसाहेब' सलाम ठोकून शेजारच्या दुकानाकडे वळतात. मघाशी फसलेले शेटजी आता उंबऱ्यात येऊन शेजारी कसा फसतो ते बघतायत.

विदर्भातच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही छोट्या गावात बालपण गेलेल्यांना हे चित्र नव्यानं सांगायला नको. बहुरूपी, काही ठिकाणी त्यांना रायरंद म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या असेच गावोगाव फिरत आले. आज पोलिस, उद्या साधू, परवा आणखी कुणी. आता कल्पना करा, हाच सीन समोरच्या पानटपरीतून कुणी गुपचूप शूट केला असता तर? झाला की 'प्रँक'! पण एवढं सोपं नाहीये बॉस. बहुरूप्याचा खेळ आणि कॅमेऱ्याचा खेळ यात एक जबरदस्त फरक आहे. हसू कुठं संपतं आणि छळ कुठं सुरू होतो, याचं उत्तर त्या फरकात आहे.

स्माइल प्लीज!

प्रँक फिल्म म्हणजे नक्की काय, हे आधी क्लिअर करू. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्यातली घरमालकीण लीलाबाई काळभोर धडाधड फसत जाते आणि आपण हसत सुटतो. पण ती भूमिका करणाऱ्या नयनतारा यांना स्क्रिप्ट माहीत होती, शूटिंगच्या तारखा माहीत होत्या, मानधनही ठरलेलं होतं. फसत होतं ते पात्र, माणूस नव्हे. प्रँक फिल्ममध्ये मात्र समोरचा माणूस खराखुरा असतो. त्याला कॅमेरा माहीत नसतो, किंवा माहीत असला तरी तो भलत्याच कामासाठी आलाय असं त्याला सांगितलेलं असतं. तो घाबरतो ते खरं, चिडतो ते खरं, मदतीला धावतो तेही खरं. हीच तर या सिनेमांची गंमत. आणि हीच गोची!

या प्रकाराचे जनक म्हणजे अमेरिकेतले ॲलन फंट. १९४७ मध्ये त्यांनी लपवलेल्या मायक्रोफोनवरून रेडिओ कार्यक्रम सुरू केला आणि पुढच्याच वर्षी तो टीव्हीवर 'कँडिड कॅमेरा' बनून आला. साध्यासुध्या माणसाला विचित्र परिस्थितीत टाकायचं, गंमत बघायची आणि शेवटी सांगायचं, हसा राव, तुम्ही कँडिड कॅमेऱ्यावर आहात! तो शेवटचा क्षण या कार्यक्रमाची सही होती. माणसाचा गोंधळलेला चेहरा हळूहळू सैल पडतो आणि तो खो खो हसायला लागतो. १९७० मध्ये फंट यांनी याच फॉर्म्युल्यावर थिएटरसाठी अख्खा सिनेमाही काढला.

फंट यांच्या बाबतीत घडलेला एक किस्सा तर कुठल्याही प्रँकला मागे टाकेल. ३ फेब्रुवारी १९६९. फंट कुटुंबासह मायामीला निघालेल्या विमानात बसले होते आणि त्या विमानाचं अपहरण झालं. विमान क्युबाकडे वळवण्यात आलं. काही प्रवाशांनी फंटना ओळखलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हा तर कँडिड कॅमेरा! फंट जीव तोडून सांगतायत की नाही हो, हे खरंच अपहरण आहे, पण ऐकतो कोण? विमान हवानात उतरलं तेव्हा कुठं लोकांची खात्री पटली. लांडगा आला रे आला!

बकरा आणि छुपा रुस्तम

आपल्याकडे केबल टीव्ही घरोघरी पोचला आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्रकारही आला. झी टीव्हीवरचा 'छुपा रुस्तम' घरच्यांसोबत बघायचा आणि एमटीव्हीवरचा 'बकरा' कॉलेजच्या कट्ट्यावर चघळायचा. सायरस ब्रोचाचा तो निर्विकार चेहरा आणि समोरच्याचा उडालेला बोऱ्या! त्या पिढीच्या तोंडी 'बकरा बनवणं' हा शब्दप्रयोग घट्ट बसला तो तेव्हाच.

तसे मराठीत यासाठी शब्द कमी नव्हतेच. टोपी घालणं, शेंडी लावणं, मामा बनवणं, गंडवणं आणि फिरकी घेणं. ही यादी नीट बघा. पहिल्या चारांत समोरच्याचं काहीतरी नुकसान होतं. शेवटच्यात होत नाही. फिरकी घेतलेला माणूस दोन मिनिटांनी आपल्यासोबत चहा पितो, गंडवलेला माणूस पोलिसात जातो. म्हणजे हा फरक आपल्या भाषेला कॅमेरा यायच्या आधीपासून ठाऊक होता. कॅमेऱ्यानं तो पुसट केला, एवढंच.

चिखल नावाचं गाव

२००६ मध्ये आलेल्या 'बोराट'नं तर खेळाचे नियमच बदलून टाकले. साशा बॅरन कोहेन हा ब्रिटिश नट कझाकस्तानचा पत्रकार बनून अमेरिकाभर फिरतो, लोकांना मुलाखतींना बसवतो आणि त्यांच्या मनातले पूर्वग्रह त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. सिनेमानं जगभरात २६ कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला. कित्येक जागी तो खरोखर भारी आहे. सत्ता, पैसा किंवा माज असलेल्या माणसाची फिरकी घेतली की टाळी पडणारच!

पण या सिनेमाची सुरुवात बोराटच्या 'गावा'त होते. ते कझाकस्तानात नाहीच मुळी. शूटिंग झालं रोमानियातल्या ग्लोड नावाच्या एका गरीब, मुख्यतः रोमा लोकांच्या वस्तीत. रोमानियन भाषेत ग्लोड म्हणजे चिखल! गावकऱ्यांना वाटलं, आपल्या हलाखीवर डॉक्युमेंटरी निघतेय. हातावर जेमतेम तीन-चार डॉलर टेकवले गेले, असं त्यांचं म्हणणं. पडद्यावर मात्र त्यांचं गाव गुन्हेगारांचं आणि बिनडोकांचं म्हणून झळकलं. गावातल्या काही जणांनी न्यूयॉर्कमध्ये ३ कोटी डॉलरचा दावा ठोकला. तो टिकला नाही. सिनेमात दिसलेल्या एका ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टरनंही केस केली. त्याला ५०० डॉलर मिळाले होते आणि त्यानं संमतीपत्रावर सही केली होती. २००८ मध्ये कोर्टानं निकाल दिला, सही केलीत ना, मग तक्रार कसली?

कायद्यानं विषय संपला. पण जरा ग्लोडच्या जागी आपल्याकडचं एखादं गाव ठेवून बघा. समजा, मुंबईची एक टीम दिग्रस तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात आली. 'कापूस उत्पादकांच्या समस्यांवर' फिल्म काढतोय म्हणाली. लोकांनी खाट टाकली, चहा पाजला, वऱ्हाडीत मनमोकळं बोलले. आणि सहा महिन्यांनी मल्टिप्लेक्सच्या अंधारात ५०० माणसं त्यांच्या बोलण्यावर, कपड्यांवर, घरावर हसतायत. फसलेल्या माणसाला हे कळणार कधी? भाच्यानं पुण्याहून फोन केल्यावर! गावात तर त्याला रोज तोंड दाखवायचंय. टपरीवर, बँकेच्या रांगेत, पोरीच्या सोयरिकीच्या बैठकीत.

वऱ्हाडी बोलणारा म्हटला की विनोदी पात्र, हे आपल्याकडच्या कितीतरी स्किट्सचं ठरलेलं गणित आहे. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका रोमानियातला नाहीये.

बहुरूप्याचं गणित

आता परत बहुरूप्याकडे येऊ. त्याचा धंदा नीट बघितला तर त्यात तीन सेफ्टी व्हॉल्व्ह दिसतात.

पहिला, वेषातच ठेवलेली खूण. बूट वेगवेगळे, पट्टा भलताच, आरोप अचाट. ज्याचे डोळे उघडे आहेत त्याला सुटायची वाट पहिल्या मिनिटापासून मोकळी. दुसरा, लगेच होणारा उलगडा. शेटजींच्या पोटातला गोळा फार तर पाच मिनिटं टिकतो. रात्रभर त्यांना जागवून मग 'गंमत केली' म्हणण्यात बहुरूप्याला काडीचा रस नाही.

आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा. बहुरूप्याचं गिऱ्हाईक कोण? जो फसला तोच! बिदागी द्यायची की नाही, किती द्यायची, हे फसलेला माणूस ठरवतो. तो खूश झाला तरच चूल पेटणार. त्याचा अपमान झाला, तो खरोखर दुखावला, तर वही कोरी. उद्या याच गल्लीत दुसरं सोंग घेऊन यायचंय, पुढच्या वर्षीही यायचंय. म्हणून मस्करीची मात्रा आपोआप बेताची राहते. त्यासाठी कुठल्या सेन्सॉर बोर्डाची गरज पडत नाही.

प्रँक फिल्ममध्ये नेमकं हेच उलटं होतं. फसणारा माणूस दिग्रसमध्ये, तिकीट काढणारा पुण्यात. बकरा वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. बकरा रडला तर गिऱ्हाईक आणखी हसतं आणि पैसे तर गिऱ्हाईकच देतंय! मग बकऱ्याची काळजी घेण्यात निर्मात्याचा फायदा काय? काहीच नाही. त्याच्या मनात असलं तर तो घेतो, नसलं तर नाही. प्रँक क्रूर होतात ते बनवणारी माणसं वाईट असतात म्हणूनच असं नाही, हिशेबच तसा मांडलेला असतो.

आणखी एक गोष्ट. बहुरूपी हा भटक्या जमातीतला माणूस, ना घर ना शेत. तो फिरकी घेतो ती शेटजींची, पाटलाची, सरकारी साहेबाची. विनोदाचा बाण खालून वर जातो. मोबाइलवरचे प्रँक व्हिडिओ आठवून बघा. त्यात बकरा कोण असतो? रिक्षावाला, वॉचमन, डिलिव्हरी बॉय, भाजीवाली मावशी. बाण वरून खाली येतो. असा बाण मारायला ना धाडस लागतं ना डोकं!

शेवट कापला तर?

प्रँकचा जीव असतो तो शेवटच्या उलगड्यात. तेवढा कापून टाका, मग बघा काय होतं.

एक गमतीदार उदाहरण आधी. 'बोराट'मध्ये कझाकस्तानचं एक टवाळ राष्ट्रगीत आहे. मार्च २०१२ मध्ये कुवेतमधल्या नेमबाजी स्पर्धेत कझाकस्तानच्या खेळाडूला सुवर्णपदक मिळालं आणि संयोजकांनी इंटरनेटवरून घेतलेलं तेच टवाळ गीत पदकप्रदान सोहळ्यात वाजवलं! बिचारी खेळाडू छातीवर हात ठेवून उभी. सिनेमा बघणाऱ्याला माहीत होतं की हा जोक आहे. संदर्भ गळून पडला आणि जोक 'खरा' झाला. कझाकस्ताननं पुढं मोठं मन दाखवलं. २००६ मध्ये चिडलेल्या या देशानं २०२० मध्ये बोराटचंच 'व्हेरी नाइस' हे पालुपद आपल्या पर्यटनाच्या जाहिरातीत वापरलं.

दुसरं उदाहरण मात्र हसण्यासारखं अजिबात नाही. २०१६ मध्ये कराचीतल्या एका संस्थेनं जनजागृतीसाठी छोटी फिल्म केली. मोटरसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून पळतात, मग परत येऊन पोराला खाली ठेवतात आणि फलक दाखवतात की मूल पळवायला एवढा एकच क्षण पुरतो, लक्ष ठेवा. २०१८ मध्ये ही फिल्म भारतात व्हॉट्सॲपवर फिरली, शेवटचा फलक कापून. उरलं ते फक्त अपहरण! त्या वर्षी मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनी देशभर माणसं मारली गेली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथं आठवडी बाजाराच्या दिवशी जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले, भिक्षेसाठी फिरणारे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

त्याआधी, मे २०१२ मध्ये नागपूरच्या कळमना भागात जमावानं तीन जणांना दरोडेखोर समजून जिवे मारलं होतं. ते तिघं होते बहुरूपी!

सोंग घेऊन फिरणं हे ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं पोट भरण्याचं साधन, त्यांच्यावर ही वेळ आली. 'मी बहुरूपी आहे हो' हे सांगायला लागणारी दोन मिनिटंही त्यांना मिळाली नाहीत. बहुरूप्याचा सगळा खेळ एका विश्वासावर उभा असतो. गाव आधी हसेल, मग विचारेल. तो विश्वास गेला की पहिल्यांदा मरतो तो बहुरूपी. लपवलेल्या कॅमेऱ्यामागचा माणूस बहुतेक वेळा गाडीत बसून निघून गेलेला असतो.

बकराच जेव्हा हिरो होतो

मग हे सिनेमे बघायचेच नाहीत का? छे, असं कोण म्हणतंय! उलट गेल्या काही वर्षांत यातल्या शहाण्या मंडळींनी बहुरूप्याचं गणित नव्यानं शोधून काढलंय, कदाचित नकळत.

'बॅड ग्रँडपा' (२०१३) घ्या. जॉनी नॉक्सव्हिल हा तगडा गडी ८६ वर्षांचा चावट म्हातारा बनून नातवासोबत फिरतो. मेकअप इतका जबरदस्त की सिनेमाला त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. एका प्रसंगात नातवाचा बेजबाबदार बाप पोराशी वाईट वागतो. आजूबाजूला बसलेत धिप्पाड, टॅटूवाले, खरेखुरे बाइकर्स, मुलांवरच्या अत्याचाराविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेतले. ते उठतात आणि पोराच्या बाजूनं भिंतीसारखे उभे राहतात. तो सीन बघताना हसू येतं, पण आदरही वाटतो. आणि टायटल्स सुरू झाल्यावर एकेकाला 'हा सिनेमा होता बरं' हे सांगतानाचे क्षण दिसतात.

'बॅड ट्रिप' (२०२१) मध्ये एरिक आंद्रे आणि लिल रेल हाउरी यांनी धिंगाणा घातलाय, काही ठिकाणी अगदी पाचकळ. शूटिंगमध्ये एका सलूनमध्ये चिडलेल्या माणसानं थेट सुरा काढला होता, असं या मंडळींनीच मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे फिरकी घेणाऱ्याची कातडीही पणाला! पण अख्ख्या सिनेमात लक्षात राहतात ते रस्त्यावरचे अनोळखी लोक. कुणी प्रेमात पडलेल्या वेड्याला सल्ला देतंय, कुणी भांडण सोडवतंय. गाढवपणा सगळा नटांचा आणि शहाणपण सगळं बकऱ्यांचं. शेवटी इथंही टायटल्सबरोबर उलगडा, मिठ्या, हशा.

'ज्युरी ड्यूटी' या २०२३ च्या मालिकेनं तर कमाल केली. एका खटल्यातली ज्युरी, न्यायाधीश, वकील, प्रतिवादी, सगळे नट. फक्त एक माणूस खरा! त्याला वाटतंय आपण खरंच न्यायदानाचं काम करतोय. तीन आठवडे त्याच्याभोवती एकाहून एक नमुने फिरत राहतात आणि हा पठ्ठ्या प्रत्येकाशी माणुसकीनं वागत राहतो. शेवटी त्याला सगळं उलगडून सांगतात आणि हातात १ लाख डॉलर ठेवतात. फसलेल्याला बिदागी! बहुरूप्याच्या खेळात फसलेला देतो, इथं फसवणारा देतो. पण तत्त्व तेच, फसलेला खूश व्हायला हवा.

खुद्द 'बोराट'चा दुसरा भाग (२०२०) पण यातून सुटला नाही. त्यात एक बेबीसिटर बाई बोराटच्या 'मुली'ला कळवळून समजावते, बाई गं, तू आहेस तशीच छान आहेस, शिक, डोकं वापर. तिला वाटत होतं ही डॉक्युमेंटरी आहे, आणि शूटिंग संपल्यावरही त्या पोरीचं काय झालं असेल याची काळजी तिला लागून राहिली. सिनेमा आल्यावर तिला मिळालेले ३६०० डॉलर लोकांच्या डोळ्यांत खुपले. तिच्या चर्चनं वर्गणी सुरू केली आणि बघता बघता १ लाख ८० हजारांहून जास्त डॉलर जमले. साशानंही तिच्या वस्तीसाठी १ लाख डॉलर दिले. प्रेक्षकांनी निर्मात्याला जणू सांगितलं, हिरो ही आहे, हिशेब नीट कर!

खिशातला कॅमेरा, ऑफिसातला बकरा

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. दिग्रसचा पोरगाही रील काढतो आणि पुण्याचा आयटीवालाही. बस स्टँडवर काढलेला ३० सेकंदांचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत दुबईत पोचतो. 'प्रँक होता यार' हे वाक्य मात्र त्याच्यासोबत पोचेलच असं नाही.

आणि ऑफिस? १ एप्रिलला एचआरच्या नावानं 'तुमची सेवा संपुष्टात येत आहे' असा खोटा मेल पाठवणारे महाभाग तुमच्याही फ्लोअरवर असतील. ज्याच्या डोक्यावर ४० लाखांचं होम लोन आहे, त्याची ती पाच मिनिटं कशी जात असतील? नव्यानं जॉइन झालेल्याला खोट्या मीटिंगला पाठवायचं, क्लायंट बनून झापायचं आणि हे सगळं ग्रुपवर टाकायचं. त्यातून तो लहान गावातून आलेला असला, बोलण्यात 'काऊन' आणि 'मले-तुले' येत असलं, तर मग काय विचारता! तोही हसतो म्हणा. सगळे हसत असताना एकट्यानं न हसणं परवडत नाही, म्हणून हसतो. हसण्यातला हा फरक ओळखणं ही टीम लीडचीच नाही, बाजूच्या डेस्कवर बसणाऱ्याचीही जबाबदारी.

फिरकी घ्यायचीय? आधी हे तपासा!

खूण ठेवलीय का? : समोरच्याला थोडं डोकं लावलं तर कळेल अशी एक तरी फट ठेवा. अगदी वेगवेगळे बूट घातलेत तरी चालतील.

उलगडा कधी? : मिनिटांत व्हायला हवा. झोप उडेल, रडू येईल, घरी फोन जाईल इतकं ताणायचं नाही. नोकरी, आजारपण, अपघात, पोरंबाळं हे विषय कटाप!

बाण कुठल्या दिशेला? : बॉसची फिरकी घेता येत नसेल तर ऑफिसबॉयचीही घेऊ नका.

संमती कुणाची? : शूट करताय तर व्हिडिओ आधी बकऱ्याला दाखवा. तो 'टाक' म्हणाला तरच टाका. 'राहू दे' म्हणाला तर डिलीट, चर्चा नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगून ठेवलंय.

खाकी नकोच : सरकारी नोकराचा गणवेश घालून लोकांना तसं भासवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ नुसार गुन्हा आहे. 'प्रँक होता साहेब' हे ठाण्यात सांगत बसावं लागेल.

शेवट कापू नका : व्हिडिओतला उलगडा हा व्हिडिओचाच भाग आहे. तो वगळून क्लिप कुणालाही पाठवू नका. आलेली क्लिप अर्धवट वाटली तर पुढे ढकलू नका.

या वीकेंडला

हे सगळं वाचून सिनेमा बघायचा मूड गेला असेल तर जाऊ देऊ नका. 'बॅड ट्रिप' किंवा 'बॅड ग्रँडपा' मित्रांसोबत लावा (आईबाबा झोपल्यावर, हे मात्र नक्की!), 'ज्युरी ड्यूटी' सलग बघून टाका. बघताना एक छोटा खेळ खेळा. प्रत्येक सीनला स्वतःला विचारा, मी नटावर हसतोय की त्या फसलेल्या माणसावर? आणि त्याच्या जागी आपले काका, आपली मावशी असती तर?

टायटल्स सुरू झाली की रिमोटकडे हात नेऊ नका. सिनेमाच्या टीममधलं कुणीतरी पुढं येऊन छुप्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवेल. फसलेला माणूस आधी बावचळेल, मग डोक्याला हात लावेल. तो हसला, मनापासून हसला, तर सिनेमा पास. आणि तो सीन दाखवलेलाच नसेल, तर का नाही दाखवला, हे जरूर विचारा!